शिवांगीचं चिनी नाव

अक्षराच्या माथ्यावर एक ठिपका आहे, त्याखाली दोन्ही टोकांना खाली वळलेली आडवी रेघ, आणि रेघेखाली पाय दुमडून बसल्यासारखी एक आकृती: 安.

लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं घालवूनही शिवांगीचा मेडिकलला नंबर लागला नव्हता. चीनमधल्या एका कॉलेजात प्रवेश मिळत होता, आणि तिथल्या मॅडमनी तिला हे नाव आधीच देऊन टाकलं होतं.

"वर छप्पर, खाली बाई," तिने आईवडिलांना समजावलं. "हाडांवर अक्षरं कोरायचे तेव्हापासून असंच आहे. अर्थ, शांतता."

दयानंदराव खूश झाले. "बघ, चिन्यांनाबी कळतं! बाई छपराखाली असली की शांतता. कशाला जातीस तिकडं? इथंच बीएस्सी कर." मग बायकोकडे वळून म्हणाले, "काय गं?"

कुशावर्ताबाईंचं माहेर किल्लारीचं. दोन महिने त्या 'तुमचं तुम्ही बघा' एवढंच म्हणत होत्या.

"भूकंपात आमचं माळवदाचं छप्पर पडलं, तवा घरातल्या साऱ्या बाया त्याच्याखालीच होत्या," त्या म्हणाल्या. "लई शांतता झाली हो. मी मळ्यात झोपलेली, म्हणून उरले."

 

मग त्यांनीच सांगून टाकलं, "शिवांगी जाईल."