सरकतं दार

मॅपलच्या झाडाखाली उभ्या जुन्या मिनीव्हॅनचं सरकतं दार शाळा सुटायच्या वेळेला आपोआप उघडायचं. पाखरू टेकेपर्यंत फांदीनं थांबावं तसं अंमळ थांबायचं आणि लागायचं. याच गाडीतनं शाळेतून घरी येणारी जोसी बेशुद्ध होऊन इस्पितळात गेली, तेव्हापासूनचं हे.

"खटका झिजलाय," शेजारचा ड्वेन कुंपणावरून म्हणाला. जोसीच्या बापानं, वेंडेलनं, भंगारातल्या तसल्याच गाडीचा खटका काढून आणून बसवला. दार उघडलंच.

"मग मोटर बघ. नाहीतर या म्हाताऱ्या गाडीला चळ लागलाय म्हण!" ड्वेन हसला.

आज वेंडेलनं वायरी सोडवल्या, मोटर काढून मांडीवर घेतली. दार ओढणारं आता काहीच उरलं नव्हतं.

तरी शाळा सुटायच्या वेळेला ते सरकलं. मागची सीट किंचित दबली. पट्टा खट्कन लागला. कुंपणावर रेललेला ड्वेन दोन पावलं मागे सरला.

या खेपेला दार उघडंच राहिलं.

इस्पितळातून बायकोचा फोन आला. ती हसत होती की रडत, कळेना.

"वेंडेल, पोरीनं डोळे उघडले रे! पाणी मागून प्यायली. आणि म्हणते, बाबाला सांग, दार लाव, वारा लागतोय."

वेंडेलनं मोटर गवतावर ठेवली, आणि पांघरूण घालावं तसं दोन्ही हातांनी दार हळूच ओढून घेतलं.