दाराला टेकवलेला खराटा

२०२२ सालचा फेब्रुवारी. शनिवार होता, बाहेर उणे बावीस. हिल्काने काचेवरची वाफ हाताने पुसली आणि समोरच्या पिवळ्या घराकडे पाहिलं. दारापुढे दोन बॅगा येऊन पडल्या होत्या.

ते घर तिच्या बहिणीचं, आइलीचं. आइली वारल्यावर सहा हिवाळे त्याची खिडकी काळीठिक्कर होती. गेल्या ऑक्टोबरात गावाने ते ग्रीसच्या एका बाईला राहायला दिलं. तिचं नाव देस्पिना. तिकडच्या पिरेयस बंदरातल्या एका जहाज कंपनीचं काम ती इथे बसून संगणकावर करायची. खिडकीत पुन्हा दिवा लागला, आणि दुपारी अंधार पडला की हिल्का त्या दिव्याकडे तोंड करून विणायला बसू लागली.

आज ती बाई कायमची चालली होती. दोनला टॅक्सी येणार, हे दुकानातून सगळ्या गावाला कळलं होतं.

"जाऊ दे की," ताउनो म्हणाला. हिल्काचा नवरा. सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या न्हाणीघराच्या, चुलीत लाकडं सारून तो नुकताच आत आला होता. "चार महिने दाराला खराटा लावून बसली. आम्ही काय तिला खाणार होतो?"

"एकदा तरी गेलास का विचारायला?"

"खराटा असताना? माझ्या आईने मला असं वाढवलं नाही."

गावात दारांना कुलपं नव्हती. घरी कोणी नसलं की दाराला खराटा तिरका टेकवायचा. तो दिसला की माणूस पायरीवरूनच मागे फिरे. आणि आत दिवा, बाहेर खराटा, म्हणजे तर उघडच झालं: मी आहे, पण तुमच्यासाठी नाही. हिल्का चारदा राय धान्याच्या पिठाच्या पारीत भात भरून भाजलेले पिराक्के घेऊन गेली होती. चारही वेळा परतली होती.

आता तिने बूट चढवले.

"अगं, बरं दिसतं का ते?" ताउनो म्हणाला.

"न दिसू दे."

ती पायऱ्यांपाशी पोचली तेव्हा देस्पिना घराला वळसा घालून तिसरी बॅग ओढत येत होती. हिल्काला पाहून ती थबकली.

"या, हिल्काबाई," ती तुटक फिनिशमध्ये म्हणाली. "चार महिन्यांत तुम्ही पहिल्या. निरोप द्यायला का होईना, आलात."

"मी पाचव्यांदा आले, पोरी. तूच दार बंद ठेवलंस."

"मी? दाराला तर कडीसुद्धा लावली नाही कधी!"

"मग तो खराटा?"

देस्पिनाने खराट्याकडे पाहिलं. "तो? पायऱ्यांवरचा बर्फ झाडते आणि तिथे ठेवते. हे दार थंडीने चौकटीत घट्ट बसलंय. मी मागच्या लाकडांच्या खोलीतून जाते-येते."

हिल्काने तिला खराट्याचा अर्थ सांगितला, अगदी हळू, जणू स्वतःचाच गुन्हा कबूल करत होती.

"चार महिने?" देस्पिना म्हणाली. "सगळं गाव?"

"सगळं गाव."

"आणि एकानेही विचारलं नाही?"

"कसं विचारणार? तू घरी नव्हतीस ना."

देस्पिना आधी हसली. मग बॅगेवर बसली आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले. "मला वाटलं, माझ्या रंगरूपाचं काही असेल. रोज रात्री आईला सांगायचे, इथली माणसं फार चांगली आहेत."

हिल्काने खराटा उचलला आणि लाकडांच्या ढिगावर ठेवला.

एवढंच पुरलं. शेजारच्या खिडक्यांना डोळे होतेच. दहा मिनिटांत एल्सा खारवलेल्या अळंब्यांची बरणी घेऊन आली. मग म्हातारा वेइको लोकरीचे पायमोजे घेऊन. "नोव्हेंबरातच विणून झाले होते," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघताच ते पुढे केले.

टॅक्सी आली. चालकाने बॅगांकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. "कुठली बाई?"

"आधी सौना घे," ताउनो रस्ता ओलांडत चालकाला म्हणाला. "तापलीय."

"अहो, बाईंचं विमान आहे चारचं," चालक म्हणाला.

"शनिवार आहे. शनिवारची सौना कोणी चुकवतं का?"

चालक देस्पिनाकडे वळला. तिने मोजे हातात उलटसुलट केले. सगळे कुठेतरी दुसरीकडे बघत होते. हिल्का तर स्वतःच्या बुटांकडे.

"जा," देस्पिना म्हणाली, "घाम काढून या. मला घाई नाही."

चालक सौनातून बाहेर आला तेव्हा साडेतीन वाजले होते.

वेइको त्याच वर्षी, बर्फ वितळायच्या आत गेला. ताउनो पुढच्या पानगळीत. एल्सा मुलाकडे औलू शहरात राहते. देस्पिना आणखी दोन हिवाळे राहिली आणि गावसभेची चिटणीस झाली. मग वडील अंथरुणाला खिळले, म्हणून पिरेयसला परतली. चिटणीस मात्र अजून तीच आहे. महिन्यातून एकदा, सभेच्या दिवशी, हिल्का एका खुर्चीवर उशी ठेवते, उशीला टेकवून फोन उभा करते, आणि सगळ्यांना कॉफी ओतताना त्याच्यासमोरही एक कप भरून ठेवते. फोनमधून दर वेळी देस्पिना म्हणते, "साखर एकच हं."

हिल्का एकच घालते.