हसनैनच्या ड्रममधला युरिया

वसंतने निळा डबा काउंटरवर आपटला तेव्हा हसनैनच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. एकही जागचं हललं नाही. तेल्हाऱ्यात भांडण फुकट पाहायला मिळत असताना कोण हलतं?

"पानी विकलं तू मले," वसंत म्हणाला. "वर्कशॉपवाल्यायनं टाकी उघडून पाह्यली. युरिया नाही, नुसतं पानी."

हसनैनने हातातला फिल्टर खाली ठेवला. स्टँडवरच्या नव्या डिझेल गाड्यांना युरिया त्याच्याच ड्रममधून जायचा. शेतातला दाणेदार नव्हे. धूर साफ करायला गाडीच्या वेगळ्या टाकीत ओततात तो, पाण्यासारखा पातळ. तो संपत आला किंवा भेसळीचा निघाला की गाडी आधी दिवा लावून सांगते. तरी ऐकलं नाही, तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

वसंतने तर ऐकलं होतं. दिवा लागला त्याच दिवशी तो डबा भरून घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या सकाळी स्वतःच्या हाताने टाकीत ओतला. दिवा गेला नाही. "चालव थोडी, जाते," असं हसनैनच म्हणाला होता. मग श्रावणीला अवेळी कळा सुरू झाल्या आणि बाप पोरीला घेऊन अकोल्याकडे निघाला. वाटेत फाट्यावर तिला उलटी आली. वसंतने गाडी थांबवली आणि सवयीने किल्ली फिरवली. तिथेच संपलं. दुसऱ्याच्या टेम्पोतून अकोल्यात जठारपेठेतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं होतं.

"वसंतभाऊ, खुदा की कसम, मी काही मिसळलं नाही," हसनैन म्हणाला. "याच ड्रममधलं सगळ्यायनं नेलं. त्यायच्या गाड्या चालूनच राह्यल्या ना?"

"त्यायच्याही बंद पडतीन. माही आधी पडली, एवढंच."

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातले दोघे स्टँडवरचेच ड्रायव्हर होते.

"तुमी दुकानदार सगळे सारखेच," वसंतचा आवाज चढला. "फिनाईल घेतलं तर त्याले वास नाही. चौकटीले वायवीचं औषध लावलं, तर वायवी मजेत हाय. कपाशीच्या पराटीवर फवारलं, तर बोंडअया आंघोळ करून निंगाल्या, मेली एकही नाही. दुकानं तीन, पन माल तोच. पानी!"

माना हलल्या. बोगस मालाच्या गोष्टीला मान न हलवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही.

बोंडअळीच्या वर्षी वसंतच्या थोरल्या भावाने घरातलंच फवारणीचं औषध पोटात घेतलं, तेव्हा त्याला खांद्यावर टाकून धावला होता तो हसनैनच. उपयोग झाला नव्हता. आज त्याच घरातला माणूस भर दुकानात त्याला चोर ठरवत होता, आणि ते त्याला फार लागलं.

"ड्रम तसाच हाय," तो शेवटी म्हणाला. "तुह्या डोयासमोर डबा भरतो. आज इतवार, वर्कशॉप बंद. उद्या दोघं मिळून जाऊ, तपासून घेऊ. पानी निंगालं तर दुकानाची चाबी तुह्या हातात देतो आन् तेल्हारा सोडून जातो."

"आन् डबा रातभर कोनापाशी राहीन?"

"तुह्यापाशी. माह्यापाशी ठेवला तर मनशीन, बदलला."

वसंतने डबा भरताना डोळ्याची पापणी लवू दिली नाही. झाकण त्याने स्वतः लावलं.

घरी आत श्रावणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याची बायको अनसूया दारातच आडवी आली.

"हे काहून आनलं पुन्हा?"

"उद्या तपासाचं हाय. ठेव मांगं, फिनाईलच्या बाटलीपाशी."

"घरात नका ठेवू. हसनैनभाऊकडं राहू द्या."

"म्हंजे रातून बदलून टाकीन त्यो."

"युरियाचं पानी पिऊन नत्थुजीचा बैल गेला होता."

"त्यो शेतातला युरिया व, हा गाडीचा." वसंत खाटेवर बसला. बराच वेळ त्याने पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. "खोटा निंगाला तर दोस्त जाईन. खरा निंगाला, तर मंग कोनाले धरू? नातू तर गेलाच. आता जगून काय करू, सांग."

थोरल्या दिराला स्वैपाकघरात पडलेलं पहिल्यांदा अनसूयानेच पाहिलं होतं. आदल्या संध्याकाळी तोही खाटेवर असाच बसला होता, आणि हेच म्हणाला होता. तिने नवऱ्याला चहा दिला, पाणी तापवलं आणि आंघोळीला पाठवलं.

न्हाणीतून पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. अनसूयाने तो थोडा वेळ ऐकला. मग डबा उचलून तिने, घरात येणाऱ्या प्रत्येक औषधाचं करायची तसं, याही खेपेला मागच्या मोरीत उपडा केला, नळाच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरला, झाकण घट्ट लावलं, पदराने पुसला आणि फिनाईलच्या बाटलीशेजारी होता तसा ठेवून दिला.