परका सिग्नल

साखर कारखान्याच्या हवेत एक परका वायरलेस सिग्नल फिरत होता आणि त्यानं कारखान्याची वायरलेस सुरक्षा बघणाऱ्या समिना म्याडमची झोप उडवली होती. गव्हाणीपासून बॉयलरपर्यंत निम्मी यंत्रं आता वायरलेसवर होती. त्यात कोणी घुसलं असतं तर ऐन गळीत हंगामात कारखाना बंद पडला असता. आणि चोर तर भलताच बेरकी! समिना सकाळी इंदापूरहून स्कूटीवर आली की तिच्या सिग्नल पकडणाऱ्या यंत्रात तो एकदा उमटायचा, संध्याकाळी ती घरी निघाली की दोनदा. मधे दिवसभर चिडीचूप.

"साहेब, कोणीतरी माझ्यावरच पाळत ठेवून आहे," ती मॅनेजरसाहेबांना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्कूटी लांब फाट्यावरच लावली आणि यंत्राची अँटेना ओढणीखाली लपवून उसातून चालत आली. हाताला पाती कापली, पण सिग्नल काही उमटला नाही. मागच्या बाजूनं ती फाटकावर पोचली आणि वॉचमन गेणबातात्यांच्या पुढ्यात उभी राहिली. तात्या केवढ्यानं तरी दचकले. त्यांचा हात खिशात गेला आणि अँटेना किंचाळली. त्याच क्षणी वर कंट्रोल रूममधे दारावरची बेल वाजली, खुर्च्या धडाधड सरकल्या आणि खिडकीतून पत्त्यांतली बदाम राणी तरंगत खाली आली.

"तात्या, खिशात काय आहे?"

"बेलचं बटन हाय, म्याडम," तात्या ओशाळून म्हणाले. "वरच्या पोरांनी दिलंय. म्हनली, कारखान्याला धोका दिसला की एकदा दाबा, टळला की दोनदा."