हयगय

हवालदार फिर्याद वाचून दाखवत होते. "...माझे पती धम्मरत्न दयाराम इंगळे यांनी आपल्या ताब्यातील ट्रॅक्टर हयगयीने व निष्काळजीपणे मागे घेतला व माझी मुलगी संघमित्रा, वय दोन वर्षे, हिच्या मरणास कारणीभूत झाले..."

"हयगय नोका लिहू, साहेब," महामाया म्हणाली.

हवालदारांनी कागद खाली ठेवला. "कायद्याचा शब्द आहे, ताई. मुद्दाम केलं नाही, हातून झालं, त्याले हाच लिहा लागते."

"पण तिची हयगय त्यायनं कधीच नाही केली. एखांद्या दिवशी मी तिची आंघोळ टाळली असन. त्यायनं नाही टाळली. स्वतः जेवाच्या आधी तिले भात कुस्करून देत."

"मंग सही नाही करत?"

"हा शब्द काढा, मंग करतो."

"तुम्ही फिर्याद नाही देली, तं सरकारतर्फे मी देईन. शब्द हाच राहीन."

धम्मरत्न भिंतीला टेकून खाली बसला होता. चार दिवसांत कोणी काहीही विचारलं तरी तो फक्त "हाव" म्हणत होता.

हवालदारांनी दुसरा कागद ओढला. "ट्रॅक्टर मांगं घेताना वाजणारा हॉर्न होता. त्याची वायर पक्कडीनं कापलेली भेटली. याले इचारलं, तू कापली? म्हणे हाव. काऊन कापली, तं गप."

धम्मरत्ननं पहिल्यांदाच मान वर केली. बायकोकडे बघून मान हळूच नकारार्थी हलवली. नको सांगू.

"मीच कापाले लावली," महामाया म्हणाली.

"आँ?"

"त्या हॉर्नचं गाणं अंगणात वाजलं की पोरगी दचकून उठे. दुपारची तेवढीच निजे ती. तेवढ्यात माहं धुणं होये, भाकरी होये. मलकापूरहून किती हौसेनं आणला होता त्यायनं तो हॉर्न. मी म्हटलं, काढा ते, माह्या लेकराले निजू द्या." ती थांबली. "त्या दिवशी तिच्यासंगं माहाही डोळा लागला. ती पहिले उठली."

हवालदारांनी पेनला टोपण लावलं.

"माहं नाव टाका, साहेब. त्यायचं खोडा."

"तुम्ही फिर्यादी आहा, ताई. तुमाले आरोपी कसं करू? लेकरू निजवाले कलम नाही."

"मंग त्यायले काऊन आहे?"

हवालदारांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरला. बराच वेळ धरून ठेवला. शेवटी तिनं सही केली. महामाया धम्मरत्न इंगळे. नवऱ्याचं नाव लिहिताना पेनचं टोक कागदात रुतलं.

बाहेर आवारात जप्त केलेला ट्रॅक्टर उभा होता. तो तपासायला आलेल्या माणसानं कापलेली वायर जोडली आणि ट्रॅक्टर मागे घेतला. हॉर्नचं गाणं सुरू झालं.

धम्मरत्ननं दोन्ही हात कानांवर दाबून धरले.

महामायाचा हात मांडीवर थोपटू लागला होता. आधी हळू, मग भराभर. गाणं थांबेपर्यंत ती थोपटत राहिली.