तब्येतीची चौकशी

तीस वर्षं पक्षाचे झेंडे शिवूनही टेलरमास्तर पक्षात बाहेरचेच राहिले होते. सभेत त्यांना कधी कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. आणि आज खुद्द अध्यक्ष दुकानात येऊन, कापडाचे तुकडे बाजूला सारून त्यांच्यासमोर बसले.

"मास्तर, यंदा तुम्हालाच उभं करावं म्हणतोय. तब्येत कशी आहे?"

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. आजारपणाचं निमित्त करून हे आपला पत्ता कापणार, दुसरं काय! त्यांनी हृदयाचे रिपोर्ट पायानंच शिलाई मशीनखाली सरकवले.

"एकदम ठणठणीत!"

"पण दवाखान्यातला कंपाउंडर तर वेगळंच सांगत होता..."

"त्याला काय कळतंय? चार मजले चढून दाखवू?"

अध्यक्षांचा चेहराच पडला. चहा अर्धा टाकून ते उठले.

संध्याकाळी यादी लागली. तिकीट मिळालं होतं ऑक्सिजनवर असलेल्या वकीलसाहेबांना. मास्तरांनी तणतणत पक्षाच्या चिटणीसाला फोन लावला.

"मास्तर, यंदा आपण आपटणार हे नक्की आहे," चिटणीस हळू आवाजात म्हणाला. "मतदानाआधी उमेदवार गेला, तर निवडणूक पुढे ढकलतात."

मास्तरांनी वाकून मशीनखालचे रिपोर्ट ओढून काढले.

"आता आणून दाखवले तर चालतील?"