दोन स्पीकरच्या मधली खुर्ची

गाणारीनं सूर लावण्याआधी घेतलेला श्वास वच्छलाबाईंना आज ऐकू आला. अगदी स्पष्ट. कुणी खोलीत येऊन उभं राहावं तसा. त्या हरखून नवऱ्याकडं वळल्या.

"बंद कर वं ते," विठ्ठलराव म्हणाले.

मारेगावच्या त्या घरात दुपारी भीमपलास लागणं काही नवीन नव्हतं. कापसाच्या पराटीचं शेत पाहून आले की विठ्ठलराव हातपाय धुऊन दोन लहान स्पीकरच्या मधोमध खुर्ची टाकत. स्पीकर नागपूरहून आणलेले, तांदळाच्या डब्याएवढे, सागवानी स्टुलांवर ठेवलेले. भिंतीपासून किती दूर, एकमेकांकडं किती तिरपे, हे त्यांनी महिनोन्महिने सरकवून ठरवलं होतं. लोक हसायचे. लग्नातला डीजे केवढा, आन हे काय! वच्छलाबाईही तूर निवडता निवडता म्हणायच्या, "मले काय समजते त्यातलं."

पोळ्याच्या सुमारास विठ्ठलरावांना लकवा झाला. डावं अंग गेलं, वाचा तेवढी राहिली. आवडीचं ऐकवत जा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रोज दुपारी वच्छलाबाई त्यांची चाकाची खुर्ची त्याच जागी आणत, स्पीकरवरची धूळ पुसत आणि गाणं लावून शेजारी सतरंजीवर बसत.

आता त्यांनी मोबाईलवरचं गाणं थांबवलं.

"काहून? हे तर तुमच्या आवडीचं."

विठ्ठलरावांनी मान दुसरीकडं वळवली.

"आवाज फाटून राह्यला का?" वच्छलाबाई उठल्या, स्टुलांच्या मागं गेल्या. तारा चाचपल्या, पिळून घट्ट केल्या. "डावीकडची ढिली असन."

"स्पीकर चांगले आहेत, वच्छला." विठ्ठलरावांनी उजवा हात उचलून डोक्याला लावला. "इथलं बिघडलं."

"ऐकू येत नाही?"

"सगळं ऐकू येते. तू बोलून राह्यली ते येते. कुकरची शिट्टी येते. फक्त गाणं..." ते अडखळले. "कोणी अंगणात पितळेचे भांडे फेकून राह्यल्यावाणी वाटते. सूर नाही, काही नाही. बाई गाते का माणूस, तेबी समजत नाही."

"कवापासून?"

"दवाखान्यातून आलो तवापासून."

वच्छलाबाई तिथंच, स्पीकरच्या मागं, खाली बसल्या. दसरा गेला, दिवाळी गेली, कापसाचा पहिला वेचा घरात आला. रोज दुपारी हा माणूस डोळे मिटून बसे. त्यांना वाटे, रमले.

"सांगतलं काहून नाही मले?"

"वाटलं, सूर येईन परत. आज येईन, उद्या येईन. आन तू इतक्या हौसेनं लावत होती."

"डॉक्टरले विचारू आपण."

"विचारलं. मागच्या खेपेले, तू औषध घ्याले गेलती तवा. डोक्यातला तेवढा भाग मेला म्हणे. बाकीचं वाचलं हे नशीब समजा म्हणे."

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडली. दोघांनीही ते ऐकलं.

"काढून ठेवतो मंग मी हे," वच्छलाबाई म्हणाल्या.

"नको." विठ्ठलराव त्यांच्याकडं पाहत होते. "तुले समजून राह्यलं का आता, गाण्यातलं?"

नवऱ्याच्या वाटचं आपण खाल्लं, असं काहीसं वच्छलाबाईंना वाटलं. त्यांनी मान खाली घातली.

"थोडं थोडं. आज तिचा श्वास ऐकू आला मले. सुराच्या आधीचा."

विठ्ठलरावांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसली. "हो. घेते ती तिथं. मंग खालून हळू वर येते." बोटानं त्यांनी हवेत चढण काढली. मग बोट तसंच राहिलं. "निसतं माहीत आहे. आठवून पाह्यलं तर आतबी काही वाजत नाही."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"मले बाहेर ने," विठ्ठलराव म्हणाले. "तू ऐक पुरं."

"एकटीनं?"

"कोणीतरी ऐकाले पाहिजे ना."

त्यांनी खुर्ची ओसरीत नेली, चाक अडकवलं, मांडीवर शाल टाकली. आत येऊन दार ओढून घेतलं. नवऱ्याची खुर्ची जिथं असायची तिथं पाट ठेवून त्या बसल्या आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

आवाज डाव्या डब्यातून येत नव्हता, उजव्यातूनही नाही. तो दोन्हींच्या मधे, मोकळ्या भिंतीपाशी उभा होता. मागं कुठंतरी तंबोरा. बाई खालून हळू वर येत होती. वच्छलाबाईंना उठून जावंसं वाटत होतं आणि गाणं सोडवत नव्हतं. सोडवत नव्हतं याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

संपल्यावर त्या ओसरीत आल्या. विठ्ठलराव रस्त्याकडं तोंड करून होते. कापसानं भरलेला मेटॅडोर घसा फोडत गेला, त्याचा धुरळा खाली बसला.

"झालं?"

"हो."

"कसं होतं?"

वच्छलाबाईंनी शब्द शोधले. श्वासाचं तर सांगून झालं होतं. त्यापुढचं कसं सांगायचं, ते त्यांना येत नव्हतं.

"चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

विठ्ठलराव त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. पुढं आणखी काही सांगेल म्हणून.